डायोक्लेशियनने राज्य सोडले तेव्हा: एका वारसायोजनेचा प्रकरण अभ्यास

१ मे ३०५. निकोमिडिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझ्मित. शहराबाहेर तीनेक मैलांवर एक टेकाड होते आणि त्यावर ज्युपिटरच्या मूर्तीचा स्तंभ. फौजेची माणसे तिथे बोलावली होती. साठी गाठलेला, लांबलेल्या आजारातून कसाबसा उठलेला रोमन सम्राट डायोक्लेशियन त्यांच्यापुढे उभा राहिला. डोळ्यांत पाणी होते. माझे वय झाले, अंगात त्राण उरले नाही, इतकी वर्षे राबलो, आता विसावा हवा, राज्य मी माझ्याहून धडधाकट माणसांच्या हाती सोपवतो, असे त्याने सांगितले.

आता नव्या सीझरांची, म्हणजे दुय्यम सम्राटांची, नावे जाहीर व्हायची होती. सगळ्यांच्या नजरा चौथऱ्यावर उभ्या असलेल्या तरुण कॉन्स्टन्टाइनकडे लागल्या. त्याचा बाप पश्चिमेकडचा सम्राट, तो स्वतः फौजेचा लाडका. पण नावे आली सेव्हेरस आणि मॅक्झिमिनस दाया यांची. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कॉन्स्टन्टाइनचेच नाव बदलले की काय, असेही काहींना वाटले. तेवढ्यात गॅलेरियसने, म्हणजे डायोक्लेशियनच्या जावयाने आणि पूर्वेकडच्या सीझरने, हात मागे करून कॉन्स्टन्टाइनला बाजूला सारले आणि पाठीमागून दायाला पुढे ओढले. डायोक्लेशियनने स्वतःच्या अंगावरचा जांभळा राजझगा काढला आणि दायाच्या खांद्यावर घातला. मग तो गाडीत बसला, शहरातून गेला आणि डाल्मेशियातल्या, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या, आपल्या मुलखाच्या वाटेला लागला. सम्राट होण्याआधी त्याचे नाव डायोक्लिस होते. त्या दिवशी तो पुन्हा डायोक्लिस झाला.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्यापासून सव्वातीनशे वर्षे झाली होती. म्हातारपण गावी काढायचे म्हणून आपणहून गादी सोडलेला रोमन सम्राट तोवर झाला नव्हता. त्याच दिवशी मिलानमध्ये त्याचा सहसम्राट मॅक्झिमियन यानेही सत्ता सोडली. दोन शहरे, एक दिवस, चार नव्या नेमणुका, आणि रक्ताचा थेंबही सांडला नाही. पंधरा महिन्यांत ही घडी विस्कटायला लागली, आणि वीस वर्षांच्या आत तिचे नावही उरले नाही. ती का विस्कटली, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

आधी साक्षीदाराविषयी. टेकडीवरचा प्रसंग आपल्याला लॅक्टॅन्शियसमुळे कळतो. निकोमिडियात लॅटिन वक्तृत्व शिकवायला त्याला खुद्द डायोक्लेशियनने बोलावले होते. पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा ख्रिस्ती असलेल्या या शिक्षकाची जागा गेली, आणि नंतर तो कॉन्स्टन्टाइनच्या मुलाचा शिक्षक झाला. एकाबद्दल मनात राग, दुसऱ्याचे मीठ खाल्लेले. त्यामुळे गॅलेरियसने म्हाताऱ्या सम्राटाला धमकावून राज्य सोडायला लावले, हा त्याने रंगवलेला संवाद मी बाजूला ठेवतो. निवृत्तीचा वाडा आधीच बांधायला घेतलेला होता. मॅक्झिमियनकडून सत्तात्यागाची शपथ रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरात आधीच घेतली होती, असा वेगळा उल्लेखही मिळतो. बेत डायोक्लेशियनचाच होता, आणि तो जुना होता.

कशावर हा उपाय होता

२३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमला वीसहून जास्त सम्राट झाले. अंथरुणात मेलेले त्यांत मोजकेच. बहुतेकांना त्यांच्याच सैनिकांनी मारले. व्हॅलेरियन २६० मध्ये इराणच्या शाहाच्या कैदेत पडला तो परत आलाच नाही. दुखणे असे होते की शत्रू एका वेळी तीन सरहद्दींवर उभा राही आणि सम्राट एकाच ठिकाणी असे. उरलेल्या दोन सरहद्दींवर जो सेनापती लढाई जिंके, त्याला त्याची फौज तिथल्या तिथे सम्राट करी. मग आधीचा आणि नवा एकमेकांशी लढत, आणि शत्रूला रान मोकळे मिळे.

डायोक्लेशियन याच वाटेने वर आला. डाल्मेशियातल्या सलोना शहराजवळच्या अगदी साध्या घरातला मुलगा, फौजेत चढत चढत सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झालेला. २० नोव्हेंबर २८४ रोजी फौजेने त्याला सम्राट म्हणून पुकारले. आधीचा सम्राट न्यूमेरियन याच्या खुनाचा आरोप त्याने एपर या अधिकाऱ्यावर ठेवला आणि सगळ्या फौजेसमोर स्वतःच्या हाताने त्याला तलवारीने मारले. सम्राट कसे तयार होतात आणि कसे संपतात, हे या माणसाने अगदी जवळून पाहिले होते.

त्याचा उपाय सरळ होता: एकाऐवजी चार. २८६ मध्ये त्याने मॅक्झिमियन या जुन्या सोबत्याला बरोबरीचा ऑगस्टस, म्हणजे थोरला सम्राट, केले. १ मार्च २९३ रोजी दोन सीझर नेमले, पूर्वेला गॅलेरियस आणि पश्चिमेला कॉन्स्टॅन्शियस. चारही सरहद्दींजवळ आता एकेक सम्राट. सेनापतीने बंड करावे अशी जागाच उरली नाही, कारण सेनापतीच सम्राट होते. थोरल्याने जागा सोडली की धाकटा वर सरकणार आणि नवा धाकटा निवडून घेणार. निवड कर्तबगारी बघून करायची, पोटच्या मुलाचा हक्क धरायचा नाही.

व्हेनिसमध्ये सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यावर या चौघांचे जांभळट दगडातले शिल्प आहे. दोन जोड्या. प्रत्येक जोडीत एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसरा हात तलवारीच्या मुठीवर. चेहरे मुद्दाम सारखे केलेले. दाढीवरून थोरला-धाकटा ओळखावा, एवढाच फरक. कोण कोणता, हे कुणालाही सांगता येऊ नये असाच त्यामागचा हेतू असणार. माणूस बदलला तरी जागा तीच. १२०४ च्या लुटीत हे शिल्प कॉन्स्टन्टिनोपलहून व्हेनिसला नेले गेले. त्यातल्या एकाचे तुटलेले पाऊल १९६० च्या दशकात इस्तंबूलमध्ये उत्खननात सापडले. ते अजून तिथेच आहे.

आता माझ्या मते या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. डायोक्लेशियनला मुलगा नव्हता. व्हॅलेरिया ही एकुलती मुलगी होती आणि ती त्याने गॅलेरियसला दिली होती. मुलाला गादी द्यायची नाही, हा नियम पाळायला त्याला काहीच सोडावे लागले नाही. बाकीच्यांचे तसे नव्हते. मॅक्झिमियनचा मुलगा मॅक्सेन्शियस आणि कॉन्स्टॅन्शियसचा मुलगा कॉन्स्टन्टाइन, दोघेही हाताशी आलेले होते. फौजेलाही हा नियम कधी पटला नव्हता. सैनिकाची निष्ठा घराण्याशी असे. बापाच्या हाताखाली लढलेले शिपाई मुलाला ओळखत, आणि सेव्हेरस कोण, दाया कोण, हे त्यांना टेकडीवर पहिल्यांदा कळले. शिवाय डायोक्लेशियनने स्वतः चौघांना नात्यानेच बांधले होते. गॅलेरियस जावई, तिकडे कॉन्स्टॅन्शियसची बायको मॅक्झिमियनच्या घरातली. नाते हवे, पण मुलगा नको. एवढा बारीक भेद छावणीत टिकणारा नव्हता.

शेवटची दोन वर्षे

२० नोव्हेंबर ३०३ रोजी त्याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षाचा सोहळा रोममध्ये झाला. वीस वर्षांत राजधानीशी त्याचा संबंध इतका थोडा आला होता की लोकांना तो परका वाटला, आणि लोकांची सलगीची भाषा त्याला सोसवली नाही. १ जानेवारीला कॉन्सल या वर्षभराच्या मानाच्या पदाची वस्त्रे रोममध्येच घालायची होती, पण तेवढे दिवसही तो थांबला नाही. ऐन हिवाळ्यात, पावसाथंडीत तो रेव्हेनाकडे निघाला आणि वाटेत आजारी पडला. दुखणे हलके होते पण पाठ सोडीना. पुढचा बराचसा प्रवास पालखीतून झाला. ३०४ च्या अखेरीस तो निकोमिडियात कोसळला. १३ डिसेंबरला राजवाड्यात रडारड झाली, सम्राट गेला अशी बातमी शहरभर पसरली. तो वाचला. १ मार्च ३०५ रोजी लोकांसमोर आला तेव्हा ओळखू येत नव्हता.

याच काळात त्याच्या हातून घडलेल्या एका गोष्टीने त्याचे नाव कायमचे काळे केले. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमिडियातले चर्च पाडले गेले आणि दुसऱ्या दिवशी फर्मान लागले: चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिस्ती असलेल्यांना पदांवरून काढा. पुढच्या फर्मानांनी धर्मगुरूंना तुरुंगात टाकले, शेवटी सगळ्यांनाच देवांपुढे बळी द्यायला लावले. लॅक्टॅन्शियस सांगतो की सर्वांत आधी ज्यांच्यावर ही सक्ती झाली त्यांत सम्राटाची बायको प्रिस्का आणि मुलगी व्हॅलेरिया होत्या. राज्य एकसंध ठेवायचे तर देवही एकच परंपरेचे हवेत, असे त्याला वाटत असावे. असे वाटल्याने त्याचा दोष तसूभरही कमी होत नाही. माणसे जिवंत जाळली गेली. आणि एवढे करूनही हा छळ फसला. ३० एप्रिल ३११ रोजी खुद्द गॅलेरियसने, मरणाच्या दारात असताना, ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा देणारे फर्मान काढले.

पंधरा महिने

२५ जुलै ३०६ रोजी कॉन्स्टॅन्शियस ब्रिटनमध्ये यॉर्क इथे वारला. मुलगा जवळ होता. नियमाप्रमाणे सेव्हेरस थोरला व्हायचा आणि नवा सीझर निवडला जायचा. यॉर्कच्या फौजेने त्याच दिवशी कॉन्स्टन्टाइनला सम्राट केले. गॅलेरियसने चडफडत त्याला सीझर म्हणून मान्य केले. इथे नियम पहिल्यांदा वाकला, आणि तो वाकवल्याची शिक्षा कुणालाच झाली नाही.

२८ ऑक्टोबरला रोममध्ये मॅक्सेन्शियस उभा राहिला. एका मुलाला मिळते तर दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर गॅलेरियसजवळ नव्हते. सेव्हेरस फौज घेऊन आला. पण ती फौज पूर्वी मॅक्झिमियनची होती आणि मॅक्झिमियन आता मुलाच्या बाजूने परत मैदानात उतरला होता. सैनिक फुटले, सेव्हेरस शरण गेला आणि पुढे मारला गेला. मॅक्झिमियनची निवृत्ती कधी मनापासून नव्हतीच. पुढे त्याचे मुलाशीही बिनसले. फौजेसमोर मुलाच्या अंगावरचा राजझगा त्याने ओढला, पण सैनिकांनी मुलाची बाजू घेतली आणि म्हाताऱ्याला पळ काढावा लागला.

नोव्हेंबर ३०८ मध्ये डॅन्यूबकाठी कार्नंटमला, आजच्या ऑस्ट्रियात, बैठक झाली. गॅलेरियसने सासऱ्याला गावाहून बोलावून आणले, मॅक्झिमियनही होता. सेव्हेरसच्या जागी लिसिनियस या सेनापतीला ऑगस्टस केले, मॅक्झिमियनला पुन्हा घरी पाठवले, कॉन्स्टन्टाइनला सीझरच राहायला सांगितले. डायोक्लेशियनने परत राज्य हाती घ्यावे, अशी गळ मॅक्झिमियन आणि गॅलेरियस यांनी त्याला घातल्याची गोष्ट आहे. सलोनात मी माझ्या हाताने लावलेला भाजीपाला तुम्ही पाहिला असता तर हे मला विचारलेच नसते, असे तो म्हणाला. ही गोष्ट सांगताना सगळे कोबी म्हणतात. मूळ लॅटिनमध्ये नुसता भाजीपाला आहे.

हे उत्तर लोकांना फार आवडते. मलाही आवडायचे. पण प्रकरण म्हणून पाहिले की त्यात एक अडचण दिसते. चार सम्राटांची ही घडी कशावर टिकून होती? कायद्यावर नाही, लेखी नियमावर नाही. मॅक्झिमियन वीस वर्षे त्याचे ऐकत राहिला, गॅलेरियस त्याच्यापुढे दबून राही, कारण समोर डायोक्लेशियन होता. सगळ्यांना त्याचा धाक होता, आणि तो धाक त्याने झग्याबरोबर उतरवून ठेवला. कार्नंटमला थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून येऊन तो धाक परत मिळणार नव्हता. बैठकीनंतर दोन वर्षांत कॉन्स्टन्टाइन आणि दाया दोघेही स्वतःला ऑगस्टस म्हणवू लागले, आफ्रिकेत याच सुमारास आणखी एक जण उभा राहिला होता, मॅक्झिमियनने जावई कॉन्स्टन्टाइनविरुद्ध बंड केले आणि ३१० मध्ये त्यातच मेला. चौघांच्या राज्यात सम्राट म्हणवणारे सहा-सात झाले.

मॅक्झिमियनचे पुतळे आणि चित्रे कॉन्स्टन्टाइनने काढायला लावली. दोघा जुन्या सम्राटांची चित्रे जागोजागी एकत्रच काढलेली होती, त्यामुळे डायोक्लेशियनचीही पुसली गेली. हे त्याच्या हयातीत झाले, आणि ते त्याला कळले.

त्याच्यावाचून जे चालले

त्याने उभे केलेले सगळेच कोसळले असे मात्र नाही. पन्नासेक प्रांतांचे त्याने शंभरच्या आसपास लहान प्रांत केले, त्यांचे बारा गट पाडले. मुलकी कारभार आणि फौज यांचे अधिकारी वेगळे करायला घेतले, म्हणजे एकाच माणसाच्या हाती कर आणि तलवार दोन्ही राहू नयेत. जमीन आणि माणसे मोजून कर बसवला. हे सगळे टिकले. कॉन्स्टन्टाइनने डायोक्लेशियनचा वारसानियम मोडला, पण कारभाराची घडी तीच ठेवली आणि पुढे वाढवली. तो कारभार सम्राटाचे नाव काहीही असले तरी चालत असे.

प्रांतांच्या त्या गटाला डायोसिस म्हणत. शब्द जुना ग्रीक, पण मोठ्या मुलकी विभागाचे नाव म्हणून तो या काळात पक्का झाला आणि पुढे चर्चने तो बिशपच्या क्षेत्रासाठी घेतला. आपल्याकडे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या शब्दासाठी मराठीत आपण धर्मप्रांत म्हणतो, तो चर्चला मिळाला चर्च पाडणाऱ्याच्या कारभारातून.

३०१ चे किंमतींचे फर्मान मात्र पार फसले. हजाराहून जास्त वस्तू आणि कामांचे कमाल दर त्यात दगडावर कोरले होते. पौंडभर डुकराचे मांस १२ दिनार, गाईबैलाचे ८. शेतमजुराला जेवण घालून रोज २५. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाला दर मुलामागे महिन्याला ५०. न्हाव्याला एका गिऱ्हाइकामागे २. जास्त घेणाऱ्याला मृत्युदंड. (आपल्या संस्कृत ग्रंथांतला दीनार हा मुळात याच रोमन नाण्याचा शब्द.) माल बाजारातून दिसेनासा झाला, भांडणांत माणसे मेली आणि फर्मान आपोआप विझले. पण त्या कोरलेल्या दगडांमुळे सतराशे वर्षांपूर्वीचा मजूर आणि न्हावी यांची रोजची मिळकत आज आपल्याला माहीत आहे.

त्याच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजायची पद्धत इजिप्तमध्ये रूढ झाली होती. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी तिचे नाव बदलून हुतात्म्यांचा शक केले, आणि कॉप्टिक चर्च तो आजही पाळते. ५२५ च्या सुमारास रोममधल्या डायोनिशियस एक्झिग्युअस या साधूला ईस्टरचे कोष्टक तयार करताना छळ करणाऱ्याच्या नावाने वर्षे मोजणे नको वाटले, म्हणून त्याने ती ख्रिस्तजन्मापासून मोजली. आपण ज्याला इसवी सन म्हणतो तो तिथून निघाला. या लेखातले प्रत्येक साल त्याच मोजणीतले आहे.

आणि वाडा. स्प्लिट शहरात, आजच्या क्रोएशियात, समुद्राच्या काठाला लागून साधारण २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद अशी तटबंदी. जवळच्या ब्राच बेटावरचा पांढरा चुनखडक, इजिप्तहून आणलेले स्फिंक्स, यादरो नदीचे पाणी आणणारा नऊ किलोमीटरचा कालवा. नाव वाड्याचे, बांधणी बरीचशी छावणीची. आयुष्यभर छावणीत झोपलेल्या माणसाचे घर तसेच असणार. सातव्या शतकात सलोना पडले तेव्हा तिथली माणसे या तटांच्या आत येऊन राहिली. त्यांनी खोल्यांना खोल्या जोडल्या, कमानींत भिंती घातल्या, आणि हळूहळू वाड्याचेच गाव झाले. आजही लोक तिथे राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. त्याची समाधी म्हणून बांधलेल्या अष्टकोनी इमारतीचे चर्च झाले, ते सलोनाच्या बिशप डोम्नियसच्या नावाचे. डोम्नियसला ३०४ मध्ये याच सम्राटाच्या छळात मारले होते. डायोक्लेशियनची शवपेटी तिथे नाही.

मुलगी

मे ३११ मध्ये गॅलेरियस मेला. मरताना बायकोचा हात त्याने लिसिनियसच्या हाती सोपवला होता, पण व्हॅलेरियाला त्याचा भरवसा वाटला नाही. ती आईला घेऊन मॅक्झिमिनस दायाच्या मुलखात गेली. नवऱ्याने कधीकाळी एका प्रांताला तिचे नाव दिले होते. आता राहायला जागा शोधत होती. दायाला बायको होती, म्हणून तिथे धोका नाही असे तिला वाटले. दायाने बायकोला टाकायची तयारी दाखवून तिलाच मागणी घातली. तिने कळवले की माझ्या अंगावर सुतकाची वस्त्रे आहेत, नवऱ्याची राख अजून गरम आहे, आणि निष्ठेने राहिलेल्या बायकोला टाकणे हे पाप आहे. दायाने तिची मालमत्ता घेतली, तिच्या माणसांना मारले आणि तिला आईसह सिरियाच्या वाळवंटाकडे हद्दपार केले.

तिथून तिने गुपचूप बापाला निरोप धाडला.

डायोक्लेशियनने दायाकडे माणूस पाठवला: माझी मुलगी माझ्याकडे पाठव. उत्तर नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा विनवले. शेवटी आपला एक नातेवाईक पाठवला, फौजेतला वजनदार माणूस, दायाला जुन्या उपकारांची आठवण करून द्यायला. तोही हात हलवत परत आला. सहा वर्षांपूर्वी टेकडीवर सगळ्या फौजेदेखत ज्याच्या खांद्यावर या बापाने आपला झगा घातला होता, तोच हा दाया.

त्यानंतर थोड्याच काळात डायोक्लेशियन गेला. लॅक्टॅन्शियस म्हणतो की झोप आणि अन्न सोडून, तळमळत गेला. दुसरीकडे विष घेतल्याचेही लिहिले आहे. नेमके साल इतिहासकारांत वादाचे आहे. बहुतेक जण ३११ ते ३१३ च्या दरम्यान धरतात.

३१३ मध्ये लिसिनियसने दायाचा पराभव केला आणि जुन्या सम्राटांच्या घरातली माणसे एकेक करून संपवायला घेतली. व्हॅलेरिया आणि प्रिस्का साध्या बायकांचे कपडे घालून पंधरा महिने प्रांतोप्रांती लपत राहिल्या. थेसालोनिकीत कुणीतरी त्यांना ओळखले. गर्दीसमोर दोघींची मुंडकी उडवली आणि धडे समुद्रात टाकली.